विकतच्या असेट पॅकमधून बंद पडलेली गिरणी कशी उभी करायची

गेमसाठी जागा बनवताना बरेच जण पडीक कारखान्याचा असेट पॅक (तयार ३डी मॉडेल आणि टेक्स्चरचा संच) घेतात, गेम इंजिनमध्ये टाकतात आणि मग गंजके ड्रम, फुटक्या काचा, वेली, कागदाचे बोळे दिसेल तिथे पेरत सुटतात. तासाभरात जागा जुनी दिसायला लागते पण तिथे कधी कोणी काम करत होतं असं काही वाटत नाही. कारण पॅकमध्ये तुकडे मिळतात, ती जागा का बंद पडली आणि त्यानंतर पावसाने तिचं काय केलं हे पॅकमध्ये नसतं, ते आपल्यालाच ठरवावं लागतं आणि तेही पहिला मेश (३डी मॉडेल) ठेवायच्या आधी. मी इथे मुंबईच्या कापडगिरणीचं उदाहरण घेतोय, अनरियल ५ या गेम इंजिनमध्ये, कारण माझ्या आईचे वडील परळला साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, होते आणि त्या जागेबद्दल घरात लहानपणापासून ऐकत आलोय. युनिटी हे दुसरं इंजिन वापरणाऱ्यांना बटणं वेगळी मिळतील, बाकी सगळं तेच.

तर आधी वर्ष ठरवा. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि ते परत यायच्या हिशोबाने बाहेर पडले होते. म्हणजे तुमची गिरणी त्याच दिवशी कायमची थांबली असं धरलंत तर लॉकरला कुलपं असणार, खुंटीवर शर्ट असणार, साच्यावर अर्धवट विणलेलं कापड असणार. पण बऱ्याच गिरण्या संपानंतर अर्ध्यामुर्ध्या चालू झाल्या आणि पुढच्या वीसेक वर्षांत एकेक करून बंद होत गेल्या, जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव आला, यंत्रं भंगारात गेली. मग तिथे लॉकर उघडे, वायरी ओरबाडून काढलेल्या, भिंतीवर नुसते स्विचबोर्डाचे चौकोन. या दोन पूर्ण वेगळ्या लेव्हल (गेममधल्या जागा) आहेत आणि एकाच हॉलमध्ये दोन्हीतलं सामान मिसळलं की खेळणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खटकतं.

मी दुसरी निवडली. तिचा एक मोठा फायदा म्हणजे साच्यांचे मॉडेल लागतच नाहीत, आणि तसेही ते पॅकमध्ये सहसा मिळत नाहीत. रिकाम्या शेडमध्ये राहते ती जमीन. तेल मुरून काळा पडलेला आयताकृती डाग, त्याच्या चार कोपऱ्यांना बोल्टची भोकं, मग माणूस जाईल एवढी वाट, मग पुन्हा तसाच डाग. याचं एकच डेकल (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) बनवा आणि सारख्या अंतरावर रांगेत लावत जा, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. इथे रँडम रोटेशन अजिबात वापरू नका, रांग सरळच हवी, फक्त गडदपणा आणि रफनेस (खरखरीतपणा, तो कमी तितकी चमक जास्त) प्रत्येक डागाचा थोडा थोडा बदला. मधल्या वाटेवरचा कोबा पायांनी घासून गुळगुळीत झालेला असतो म्हणून तिथे रफनेस कमी ठेवा, प्रकाश तिरका पडला की ती वाट आपोआप चमकते आणि माणसं कुठून चालायची ते दिसतं. माझ्या सगळ्या लेव्हलमध्ये मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे आणि तिला एक पैसाही लागला नाही.

ब्लॉकआउट (जागेचा कच्चा ढाचा) साध्या क्यूबनेच करा, पॅकच्या भिंती नंतर. अनरियलमध्ये एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, थर्ड पर्सन टेम्प्लेटमधल्या माणसाचा कॅप्सूल (त्याच्याभोवतीचा टक्कर मोजायचा अदृश्य आकार) १९२ युनिट उंच आणि ८४ रुंद असतो, तो पॅकच्या दारात उभा करून बघा. पॅकमधली दारं-खिडक्या बऱ्याचदा गेमसाठी फुगवलेल्या असतात आणि दोन वेगळ्या पॅकची दारं शेजारी आली की एक राक्षसाचं एक माणसाचं असं दिसतं. गिरणीच्या शेडचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर पॅकमध्ये शोधत बसू नका, इंजिनच्या मॉडेलिंग टूल्सने एक दाता बनवा, त्याला पॅकमधल्या पत्र्याचं मटेरियल लावा आणि तोच दाता पुढे पुढे मांडत जा.

आता पाणी, आणि इथे घाई करू नका. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. दोन दात्यांच्या मधे जी पन्हाळ असते ती पानांनी आणि कबुतरांच्या घाणीने तुंबते, तुंबली की पाणी पत्र्याच्या सांध्यातून आत येतं, म्हणजे गळती शेडभर कुठेही नाही तर पन्हाळींच्या बरोबर खाली सरळ रेषेत. अशा शेडमध्ये बऱ्याचदा बिडाचे पोकळ खांबच छपराचं पाणी खाली न्यायचे, त्यामुळे खांबाच्या सांध्यातून गंजाचे ओघळ आणि पायथ्याशी डबकं. एवढं एकदा कळलं की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं. डबकी कुठे, तर त्या रेषांवर. शेवाळ कुठे, तर डबक्याच्या कडेला. मोडकी खुर्ची कुठे, तर कोरड्या पट्ट्यात, कारण वॉचमन ओल्यात बसणार नाही, आणि मग त्याचा चहाचा ग्लास आणि विडीची थोटकंही तिथेच.

भिंतींचं तसंच. जमिनीलगत दोन-तीन फूट लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) लागून प्लास्टर फुगतं आणि गळून पडतं, आतली वीट दिसते, त्याच्या वर रंगाचे पोपडे, आणि अगदी वर पावसाचे काळे ओघळ. मॉन्सूनचा वारा नैर्ऋत्येकडून येतो म्हणून बाहेरून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती जास्त काळ्या करा, पूर्वेकडचा रंग थोडा शाबूत ठेवा. हे व्हर्टेक्स पेंटने (मेशवर ब्रश फिरवून मटेरियलचे थर मिसळायची सोय) करा, मटेरियलमध्ये तीन थर पुरतात, धड रंग, पोपडे आणि उघडी वीट, आणि मॉड्युलर तुकड्यांच्या जोडावर पेंट करताना दोन्ही तुकड्यांवरून ब्रश फिरवा नाहीतर दर चार मीटरला डाग कापल्यासारखा थांबतो.

झाडांच्या बाबतीत पॅक सगळ्यात जास्त फसवतो. बहुतेक पॅकमधला पडीकपणा युरोप-अमेरिकेतला असतो, त्यात आयव्हीच्या वेली, बर्चची झाडं आणि तांबूस वाळकी पानं. परळच्या भिंतीत उगवतो पिंपळ, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पन्हाळीत किंवा विटांच्या फटीत पडतं आणि मुळं भिंतीवरून खाली उतरतात. पिंपळाचं एक चांगलं मॉडेल वेगळं विकत घ्या, बाकी आयव्ही सरळ काढून टाका. ते झाड वरच्या गळतीच्या रेषेवरच हवं, कोपऱ्यात छान दिसतं म्हणून कोपऱ्यात लावू नका.

उजेडाकडे वळू. अनरियलमध्ये सन पोझिशन कॅल्क्युलेटर नावाचं प्लगइन इंजिनबरोबरच येतं, ते चालू करून अक्षांश १९.०, रेखांश ७२.८, टाइम झोन ५.५ टाका. गिरणीच्या दात्यांच्या काचा मुद्दाम उत्तरेकडे ठेवलेल्या असायच्या, म्हणजे सुतावर थेट ऊन न पडता दिवसभर सारखा मऊ उजेड मिळावा. त्यामुळे त्या काचांमधून उन्हाचे जाड जाड झोत आत आणणं चूक आहे, वर्षातला बराच काळ तिथून ऊन येतच नाही. झोत हवा असेल तर एखादा पत्रा उडालेला दाखवा आणि त्या भोकातून एकच झोत येऊ द्या, बाकी शेड राखाडी. तो एक झोत बरोबर एखाद्या तेलाच्या डागावर पडू द्या. व्हॉल्युमेट्रिक फॉग (उजेडाचा झोत दिसू देणारं धुकं) चालू ठेवा पण डेन्सिटी इतकीच की शेडचं शेवटचं टोक जेमतेम दिसेल. ऑटो एक्सपोजरची किमान आणि कमाल किंमत एकच ठेवून ते लॉक करून टाका, नाहीतर अंधारात गेलं की इंजिन स्वतःच उजेड वाढवतं आणि केलेली सगळी मेहनत धुतली जाते.

दोन-तीन पॅक मिसळणार असाल तर त्यांचे रंग आणि टेक्सेल डेन्सिटी (एका मीटरला टेक्स्चरचे किती पिक्सेल) जुळवणं हे कंटाळवाणं पण टाळता न येणारं काम. एकच आकडा ठरवा, मी मीटरला ५१२ पिक्सेल धरतो, म्हणजे चार मीटरच्या भिंतीला २के (२०४८ पिक्सेलचं) टेक्स्चर. एका पॅकमध्ये मला बादलीला ४के आणि अख्ख्या भिंतीला १के मिळालं होतं, बादली चकचकीत आणि मागची भिंत धूसर, दोन दिवस त्यातच गेले. सगळ्या पॅकची मटेरियल्स स्वतःच्या एका मास्टर मटेरियलवर (ज्याच्यावरून बाकीची मटेरियल्स बनतात त्यावर) आणा, त्यात धूळ आणि ओल यांचे दोन आकडे ठेवा, मग अख्खी लेव्हल एका जागेवरून ओली-कोरडी करता येते. आणि विकत घेण्याआधी पॅक कुठल्या इंजिन व्हर्जनचा आहे ते बघाच, नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला असेट जुन्यात उघडत नाही. लायसन्सही वाचा, पॅकच्या मूळ फाइल्स पब्लिक रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन साठ्यात) टाकायची परवानगी सहसा नसते.

आता छोट्या वस्तू. हॉलमध्ये तीन-चारच ठेवा. खात्याच्या दाराशी देवाच्या तसबिरीचा कोनाडा, दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची त्याची खूण म्हणून चौकटीला वाळलेलं तोरण आणि खांबावर हळदीकुंकवाची पुसट बोटं. ही बोटं डोळ्यांच्या उंचीला हवीत, जमिनीपासून साधारण दीड मीटर, म्हणजे माणसाने लावलीत असं वाटतं. भिंतीवर कॅलेंडर हवंच असेल तर खऱ्या ब्रँडचं स्कॅन करू नका, स्वतः टाइप करून बनवा आणि वार-तारीख त्या वर्षाशी तपासून घ्या, मराठी माणूस ती बघतोच.

आवाजात पॅकमधली घुमणारी भीतीदायक हवा बंद करा. कबुतरं, थेंब, वर घारीची शीळ, आणि लांबून लोकल. थेंबाचा आवाज त्या गळतीच्या रेषांवरच ठेवा, प्रत्येक डबक्याला वेगळा, एकाच लूपवर नको. आजोबा सांगायचे की शेडमध्ये शेजारच्याशीही ओठांच्या हालचालीवरून बोलावं लागायचं एवढा खडखडाट असायचा, म्हणून मी खेळणारा शेडमध्ये पाऊल टाकतो तेव्हा बाहेरचा ट्रॅफिक अर्ध्या सेकंदात पूर्ण कापतो आणि पहिला थेंब ऐकू येईपर्यंत चार सेकंद काहीच वाजवत नाही.