खाणीतल्या म्हाताऱ्या टिपरांनी मला काय शिकवलं (क्वारीत नवीन लागणाऱ्यांसाठी)

डिप्लोमा मेकॅनिकल झाल्या झाल्या मी एका दगडखाणीच्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, काम काय तर टिपरांच्या, म्हणजे मागचा हौदा वर उचलून माल ओतणाऱ्या ट्रकांच्या, मेंटेनन्सचं रजिस्टर सांभाळायचं. हल्ली पोरं विचारतात, क्वारीत गाड्यांकडं नोकरी मिळतेय, घेऊ का, आधी काय शिकू. एकदाच सगळं लिहून टाकतो, जरा लांबेल.

आमच्याकडं 11 गाड्या, सगळ्या म्हाताऱ्या. दोन तर लांब नाकाच्या, बॉनेट पुढं आलेल्या, त्या खाणीच्या तळातून क्रशरच्या, म्हणजे दगड फोडायच्या मशीनच्या, हॉपरपर्यंत डबर ओढायच्या आणि परत, बाहेरचा रस्ता त्यांनी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. एकीच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा होता. मला वाटलं कुणी हौसेनं लावलाय, मी हसलो, तर तिथले सगळ्यात जुने ड्रायव्हर, त्यांना सगळे मामाच म्हणायचे, ते म्हणाले, "इंजिनियर साहेब, तो लावलेला नाय, गाडीबरोबर आलाय." खरंच होतं ते, टाटाचा मर्सिडीजवाल्यांशी करार 1954 ते 1969 होता, त्या काळातल्या ट्रकवर तारा असायचाच. डिप्लोमाला हे कोण शिकवतं!

गाड्यांना नंबरनं कुणीच ओळखायचं नाही. म्हैस, राणी, लंगडी अशी नावं. लंगडी म्हणजे जिचे डावे पाटे, चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बसलेले.

आता मुद्द्याचं. एका सकाळी मामा म्हणाले लंगडी डाव्या अंगाला जास्तच बसतेय, आणि हौदा वर घेताना कायतरी कुरकुरतंय. मी जाऊन बघितलं, गाडी रिकामी उभी होती, नेहमीसारखीच वाकडी दिसली, मग मी रजिस्टरमधे झोकात लिहिलं, सस्पेन्शन ओके, निरीक्षण चालू. दोन दिवसांनी तीच गाडी ओली डस्ट, म्हणजे क्रशरमधून निघणारी दगडाची बारीक भुकटी, घेऊन स्टॉकयार्डला गेली. ओली डस्ट हौद्याला चिकटते, नवीन माणसानं हे पक्कं लक्षात ठेवा, हौदा वर गेला की मागचा माल सुटतो पण पुढच्या कोपऱ्यातला तसाच चिकटून वर जातो, म्हणजे सगळं वजन उंचावर. त्यात जमीन भुसभुशीत. गाडी डावीकडं कलायला लागली आणि मागची उजवी चाकं जमिनीपासून चांगली वीतभर उचलली गेली, मी समोर उभा होतो, आवाजच फुटेना. मामांनी गाडी पुढंमागं हलवली नाही, झटका दिला नाही, हौदा उचलणारा जॅक हळूच खाली सोडला. चाकं टेकली तेव्हा कुठं मी श्वास घेतला.

पाटे उतरवल्यावर कळलं, मेन पाटा यू-बोल्टच्या, म्हणजे पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या बोल्टच्या, खाली तुटलेला. तुटलेल्या जागी बघा, तेव्हापासून मी कुठलाही तुटका पार्ट आला की आधी हेच बघतो, बहुतेक भाग तांबूस गंजलेला होता आणि काठाला फक्त बोटभर लोखंड चकचकीत. चकचकीत म्हणजे आज तुटलेलं, गंजलेलं म्हणजे चीर जुनी. म्हणजे मामा सांगत होते तेव्हा पाटा अर्ध्याहून जास्त गेलेलाच होता, आणि माझ्या अक्षरात वर ओके. मामा काही बोलले नाहीत, तो तुकडा आणून माझ्या टेबलावर ठेवला फक्त.

तेव्हापासून एक नियम, ड्रायव्हर जे बोलला ते त्याच्याच शब्दात लिहायचं, तुमची टेक्निकल भाषा खालच्या ओळीत. कुरकुरते, ओढते, फेकते, दम धरत नाही, प्रत्येक शब्दाला वेगळा अर्थ असतो. आपण त्याचं "ब्रेक प्रॉब्लेम" करून टाकलं की पुढच्या मिस्त्रीला काय घंटा कळणार? आणि तपासणी भरलेल्या गाडीची पण करा. रिकामी गाडी खोटं बोलते.

बाकी सकाळची फेरी. जोडटायरच्या मधे अडकलेला दगड काढायचा, नाहीतर वेगात सुटून मागच्याच्या काचेवर जातो किंवा टायर चिरतो. चाकाच्या नटाखालून गंजाचा ओघळ दिसला तर नट ढिला समजा. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायचं, खालच्या कॉकमधून फुस्स करून गढूळ पाणी येतं, ते व्हॉल्व्हपर्यंत गेलं की ब्रेक दगा देतात. एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या किलोमीटरवर सोडू नका, क्वारीच्या धुळीला ते पुस्तक माहीत नसतं.

वजनाचं पण सांगतो. काळा दगड अखंड असेल तर घनमीटरला 2.8 ते 3 टन, फोडल्यावर मधे पोकळी राहते म्हणून साधारण दीड टन किंवा थोडं जास्त. म्हणजे खडीच्या एका ब्रासला, 100 घनफुटाला, साडेचार टनाच्या आसपास धरा. हौदा अर्धा दिसतोय म्हणून लोडरवाल्याला अजून एक बकेट टाक म्हणणारे बघितलेत मी. डोळ्यांवर जाऊ नका, वजनकाट्यावर जा.

आणि वर उचललेल्या हौद्याखाली टेकू लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही, कुणी कितीही घाई करू दे. पाइप फुटला तर हौदा तुम्हाला विचारून खाली येत नाही.

पहिला महिना ऑफिसात बसू नका, शेजारच्या सीटवर बसून फेऱ्या मारा, चहा ड्रायव्हर लोकांबरोबरच घ्या. मला मामांनी पुन्हा काही सांगायला तीन आठवडे लागले. आले, टेबलासमोर उभे राहिले, मी पेन उघडलं. "लिवा, राणी चढाला खोकते." मी तसंच लिहिलं, राणी चढाला खोकते, आणि खालच्या ओळीत डिझेल फिल्टर बघणे. फिल्टर उघडला तर तळाला पाणी होतं.