आज ठरवून उद्या पहाटे निघायचं: ताम्हिणीतून दिवेआगर आणि हरिहरेश्वर, एका मुक्कामात

शुक्रवारी रात्री पोळ्या लाटता लाटता मी विचारलं, "अहो, उद्या निघायचं का?" ह्यांनी "कुठं?" असंही विचारलं नाही. गाडीची हवा बघायला खाली गेले. आम्ही कोथरूडला राहतो, मुलगी शिकायला बाहेर आहे, आणि वर्षातून तीन-चारदा आम्ही असे निघतो. ज्यांना जावंसं वाटतं पण "नियोजन नाही" म्हणून राहून जातं, त्या जोडप्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी पिशवी. आमच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक पिशवी कायम भरलेली असते: दोघांचा एकेक कपड्यांचा जोड, दोन पंचे, टॉर्च, ओडोमॉस, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी, आवळासुपारी, ह्यांच्या बीपीच्या दोन दिवसांच्या गोळ्या, आणि शंभर-पन्नासच्या नोटा. आधार कार्ड दोघांचंही लागतं, मुक्कामाला विचारतात. गाडीत स्टेपनीची हवा तपासा. चार चाकांची हवा सगळे बघतात, पाचव्याची कोणी बघत नाही.

दुसरं म्हणजे, जाताना एक मोठा घाट, येताना एक, किनाऱ्याचा एक पट्टा, एक रात्र. यापेक्षा जास्त घेतलंत तर सगळा वेळ गाडीतच जातो. दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्या सोडून द्या. तेव्हा आयत्या वेळी खोली मिळत नाही. इतर वेळी आदल्या रात्री दोन-तीन फोन केले की काम होतं. फोनवर खोलीपेक्षा जेवणाचं आधी विचारा. कोकणातल्या घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी माणसं मोजून स्वयंपाक होतो, मासळी त्या हिशोबानं आणतात. रात्री आठला पोचून "काय मिळेल?" विचारलं तर त्या घरच्या बाईवर ताण येतो आणि आपण उपाशी राहतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमईचा हट्ट धरू नका, वालाचं बिरडं आणि आंबोळी सांगा.

चांदणी चौक पहाटे सहाच्या आत ओलांडा. भूगाव-पिरंगुटला एकदा गर्दी लागली की तासभर तिथंच जातो. पेट्रोल पौडपर्यंत भरून घ्या आणि मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण पुढे घाटात रेंज जाते. मुळशी धरणाच्या कडेनं रस्ता वळायला लागला की आम्ही पहिला थांबा घेतो. पाणी सुंदर आहे, पण त्या पाण्याखाली गावं आहेत. १९२१ साली सेनापती बापटांनी मावळ्यांबरोबर इथंच सत्याग्रह केला होता. धरण झालंच. थर्मासमधला चहा तिथं पिताना आम्ही दोघंही फारसं बोलत नाही.

ताम्हिणीला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जाऊ नका, धबधब्यांपेक्षा गाड्या जास्त असतात. मला आवडतो तो ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. धबधब्यांच्या नुसत्या धारा उरलेल्या असतात, उतारांवर पिवळी सोनकी फुललेली असते. घाट उतरताना नियम एकच: ज्या गिअरमध्ये तो चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि मग नेमके लागायला हवेत तेव्हा लागत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. धुकं असेल तर दिव्यांचा झोत खाली ठेवा. वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. आणि अंधारात घाटात शिरू नका. घरातून निघायला दुपारचे दोन वाजून गेले असतील, तर त्या दिवशी झोपा आणि पहाटे निघा.

निजामपूरवरून माणगाव, मग घोणसे घाटातून म्हसळा, तिथून बोर्ली पंचतन आणि दिवेआगर. साधारण १६५ किलोमीटर, थांबत थांबत पाच तास. दिवेआगरात सुवर्णगणेशाकडे सगळे जातात. तुम्ही रूपनारायणाच्या देवळातही जा. काळ्या दगडातली ती विष्णूची मूर्ती शिलाहारांच्या काळातली आहे, आणि बहुतेक वेळा तिच्यापुढे आपण दोघंच असतो. गाडी वाळूत घालू नका. सुरूच्या बनात लावा आणि चालत जा.

या सगळ्या फेरीचा जीव आहे तो दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा किनाऱ्याचा रस्ता. म्हसळ्यावरून श्रीवर्धनला जाण्याचा मोह टाळा. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे असतो, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूला, आणि त्याची नजर तिकडे जाणारच. म्हणून आम्ही ठरवून तीनदा थांबतो. गेल्या खेपेला शेखाडीच्या पुढे एका वळणावर एक बाई कठड्यावर बोंबील वाळत घालत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस गो, वारा खा." अर्धा तास बसलो. हे त्या कठड्यावर पाय खाली सोडून बसले होते, आणि बऱ्याच दिवसांनी मी त्यांना फोन हातात नसताना बघितलं.

मुक्काम श्रीवर्धनला किंवा हरिहरेश्वरला. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेबद्दल मात्र मला काळजीनं सांगायचं आहे. देवळामागची वाट खडकांतून उतरून समुद्राला लागून जाते. पहिल्या खेपेला आम्ही भर दुपारी उतरायला निघालो होतो. पायऱ्यांवर बसलेल्या एका आजींनी हात आडवा धरला: "आज पुनव हाय, पाणी चढताय." पाचच मिनिटांत, जिथं आम्ही उभे राहणार होतो तो खडक लाटेखाली गेला. तिथं माणसं वाहून गेलेली आहेत.

तेव्हा कोळ्यांचा हिशोब शिकून घ्या. तिथीचा आकडा, शुद्ध असो वा वद्य, पाऊणपट करा. त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यापासून सहा तासांवर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊला. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरा: सव्वाअकराच्या पुढे-मागे भरती, आणि तीही उधाणाची, तेव्हा दुपारी नकोच. षष्ठी-सप्तमीला साडेदहा-अकराला ओहोटी, प्रदक्षिणेला उत्तम. निघायच्या आदल्या रात्री भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून ठेवा. तरीही उतरण्याआधी देवळापाशी कोणाला तरी विचाराच. हिशोब अंदाजाचा आहे, वारा त्यात धरलेला नाही.

परतीला तोच रस्ता घेऊ नका. माणगाववरून महाड, मग वरंधा घाटानं भोर. पावसाळ्यात हा घाट बंद ठेवतात, एरवीही महाडला पेट्रोल भरताना "घाट चालू आहे ना?" विचारून पुढे जा. वर वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्यांवर कांदाभजी मिळतात. तिथं तीनच्या आत पोचा, म्हणजे नीरा-देवघरच्या पाण्याकडेचा रस्ता उजेडात मिळतो आणि कापूरहोळला महामार्गावर रविवारची गर्दी व्हायच्या आत लागता. श्रीवर्धनची रोठा सुपारी घेतली असेल तर ती डिकीत नको, पुढे पायाशी ठेवा. पाण्याची बाटली सांडून आमची एकदा भिजली होती.