वेळापत्रक तिसऱ्या दिवशी कोलमडतं? अभ्यासातल्या या चुका टाळा

वेळापत्रक सोमवारी उत्साहात सुरू होतं, बुधवारी मागे पडतं आणि शुक्रवारपर्यंत ते पान वहीतून फाडलेलं असतं. मग स्वतःवरच शिक्का मारला जातो, की आपल्यात जिद्दच नाही. खरं तर बिघाड बहुतेक वेळा जिद्दीत नसतो, मोजमापात असतो. किती तास बसलो, पान किती ओळखीचं वाटलं आणि आज मूड कसा आहे, यावरून अभ्यासाचा अंदाज बांधला जातो. ही तिन्ही मापं दगा देणारी आहेत.

शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ बॅरी झिमरमन यांनी स्वयं-नियमनाचे, म्हणजे आपला अभ्यास आपणच आखून सांभाळण्याचे, तीन टप्पे मांडले: आधीची आखणी, काम चालू असताना स्वतःवर लक्ष आणि काम झाल्यावर आढावा. आढाव्यातून पुढची आखणी निघते आणि चक्र पूर्ण होतं. कॉलेजात पहिला टप्पा रंगीत पेनांनी थाटात पार पडतो, दुसरा अर्धामुर्धा होतो आणि तिसरा राहूनच जातो. पुढच्या चुका याच साखळीत कुठे ना कुठे बसतात.

चूक १: ओळखीचं वाटलं म्हणजे आलं, असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नोट्स तिसऱ्यांदा वाचताना डोळे सरसर धावतात आणि 'हे येतंय मला' असं वाटतं. पण ती ओळख त्या पानाची असते. पेपरमध्ये पान समोर नसतं.

मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग इथे डोळे उघडणारा आहे. एका गटाने उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. म्हणजे अभ्यास संपवून उठताना जी पद्धत जास्त सोपी वाटली, तीच आठवड्याने मागे पडली.

उपाय असा: १० ते १५ मिनिटांत वाचून होईल एवढा भाग घ्या, वाचा, पुस्तक मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, आकृती असेल तर तीही काढा. अडलात तरी निदान दोन मिनिटं पुस्तक उघडू नका, कारण आठवण्याची धडपड हाच खरा अभ्यास आहे. मग पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या रंगाने भरा. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने याच भागावर पुन्हा कोरा कागद घ्या. अंतरं काटेकोर पाळायची गरज नाही, थोडं विसरायला वेळ मिळाला की पुरे.

त्यात एक भर घाला. दहा प्रश्न सोडवायच्या आधी कोपऱ्यात लिहा, 'किती बरोबर येतील?' आठ लिहिले आणि पाच आले, तर तीनचा फरक ही तुमच्या कामाची माहिती आहे. ज्या विषयात हा फरक मोठा, तिथे 'येतंय' या भावनेवर विसंबू नका. काही आठवड्यांत अंदाज जवळ येऊ लागतो, आणि हेच स्वतःवर लक्ष ठेवणं.

चूक २: कधीच न उगवणाऱ्या दिवसासाठी आखणी

१९९४ साली ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात ५५ हून जास्त लागले. आखताना आपण बसची वाट बघणं, डोकेदुखी, मित्राचा फोन यातलं काहीच धरत नाही.

म्हणून आधी आठवडाभर आखणी न करता फक्त नोंद ठेवा: काम काय, अंदाज किती, लागले किती. असाइनमेंटला दोन तास धरून तीन लागत असतील, तर तुमचा गुणक दीड. तो पुढच्या प्रत्येक अंदाजाला लावा. मोकळ्या वेळेपैकी दोन तृतीयांशच भरा आणि आठवड्यात दोन तासांची एक जागा रिकामी सोडा, मागे पडलेलं तिथे जाईल. ही जागा नसते म्हणूनच एक दिवस चुकला की पूर्ण वेळापत्रक गडगडतं.

वेळापत्रकात काम कसं लिहिता, यानेही फरक पडतो. 'केमिस्ट्री करायची' ही नुसती इच्छा झाली. 'प्रॅक्टिकल संपलं की थेट ग्रंथालयात जाऊन प्रकरण ४ चे ५ प्रश्न वही मिटून सोडवेन' हा बेत झाला. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं संशोधन याच जर-तर बेतांवर आहे: प्रसंग आणि कृती आधीच जोडून ठेवली की ऐन वेळी ठरवत बसावं लागत नाही. मूड येण्याची वाटही बघावी लागत नाही.

चूक ३: जागा तशीच ठेवून मनाशी झगडणं

हाताशी मोबाईल ठेवून तो न उघडण्याचा निश्चय करणं म्हणजे विनाकारण शक्ती खर्च करणं. तो दुसऱ्या खोलीत ठेवा किंवा बंद करून बॅगेच्या तळाशी. घड्याळासाठी मोबाईल लागत असेल तर साधं घड्याळ घ्या. मधेच 'ते बघायचं राहिलं' असं आठवलं तर शेजारच्या कागदावर एक शब्द टिपा आणि पुढे चला. विश्रांतीत बघता येईल.

वर्गातही हेच. साना, वेस्टन आणि सेपेडा यांच्या २०१३ च्या अभ्यासात, लॅपटॉपवर इतर कामं करणाऱ्यांचे गुण तर घटलेच, पण त्यांचे स्क्रीन ज्यांना दिसत होते, त्या विद्यार्थ्यांचेही घटले. त्यामुळे पुढच्या रांगेत बसणं हा साधा पण चांगला उपाय आहे.

अंथरुणात अभ्यास टाळा. तिथे अभ्यासाला झोप येते आणि झोपताना अभ्यास आठवतो, दोन्हीकडून नुकसान. खोली एकच असेल तर निदान खुर्ची वेगळी ठेवा.

चूक ४: झोपेतून वेळ काढणं

प्रौढांना रात्री किमान सात तास झोप लागते. शिकलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच होतं, म्हणून जागून वाचलेला धडा अर्ध्यावरच सुटतो. झोपेची वेळ जमत नसेल तर आधी उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तासाभराच्या फरकाने. कॉफीतल्या कॅफिनचा साधारण अर्धा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात उरलेला असतो, त्यामुळे संध्याकाळचा कप रात्री अकरालाही जागाच असतो.

चूक ५: आढाव्याच्या नावाखाली स्वतःला बोल लावणं

तपासलेला पेपर हातात आला की गुण बघून तो बॅगेत कोंबला जातो, किंवा चुकीपुढे 'सिली मिस्टेक' लिहून विषय मिटतो. त्या दोन शब्दांतून काहीच कळत नाही. समजा, गणितात इंटिग्रेशन बाय पार्ट्सने 'एक्स कॉस एक्स' सोडवताना उत्तर 'एक्स साइन एक्स वजा कॉस एक्स' आलं. नीट पाहा: सूत्रात एक वजा आहे, साइनच्या इंटिग्रेशनमधून दुसरं वजा येतं, दोन्हीचं मिळून अधिक व्हायला हवं होतं. मग चुकांच्या वहीत लिहायचं ते असं: 'दुसऱ्या पदाला कंस न घातल्याने एक वजा हरवलं. यापुढे कंस आधी.' हे पुढच्या वेळी वापरता येतं.

रविवारी वीस मिनिटं काढून तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या आठवड्यात कोणती एकच गोष्ट बदलायची? एकच, कारण पाच बदलल्या तर कशाचा उपयोग झाला ते कळत नाही.

आणि चालढकल झाली तर स्वतःला माफ करा. हे लाड नव्हेत. वोल, पिचिल आणि बेनेट यांना २०१० च्या अभ्यासात दिसलं, की पहिल्या परीक्षेआधीच्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. अपराधी वाटत राहिलं की पुस्तक दिसताच तीच टोचणी जागी होते आणि माणूस पुस्तकच टाळू लागतो.

चूक ६: प्रत्येक अडचण शिस्तीच्या खात्यात टाकणं

वरचे उपाय निरोगी मनाला उपयोगी पडतात. पण दोन आठवडे जवळजवळ रोज उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर नवं वेळापत्रक आखू नका. समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: त्रास कधीपासून आहे, गेल्या सात दिवसांत कधी झोपलात आणि उठलात, किती तासिका बुडल्या. बोलताना शब्द सुचले नाहीत तर तो कागद पुढे करा. जगण्याचा कंटाळा येऊन जीव द्यावासा वाटत असेल, तर दोन आठवडे मोजत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला विश्वासातल्या कुणाला तरी सांगा, आणि मदत मिळेपर्यंत खोलीत एकटे राहू नका.