टर्बो पेट्रोल गाडी घाटात टकटक करते? आधी गिअर उतरवा

छोट्या टर्बो पेट्रोल गाडीला घाटात वरच्या गिअरमध्ये रेटलं की बॉनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक येते. हे नॉकिंग. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना, पुढे ट्रक आणि आपण चौथ्यात १४०० आरपीएमवर, अशा वेळी जास्त करून.

१. वळणाच्या आधीच गिअर उतरवा. आरपीएमची सुई २००० ते २५०० च्या आसपास आली की मगच ॲक्सिलरेटर द्या. कमी आरपीएमला पाय दाबला की टर्बो हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते आणि पेट्रोल-हवेचं उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं.

२. पाय हळूहळू दाबा. ऑटोमॅटिक असेल तर घाटापुरता मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोड लावा.

३. ट्रकमागे रखडून गाडी तापली असेल, तर रस्ता मोकळा होताच लगेच पूर्ण पाय देऊ नका. इंटरकूलरला (टर्बोने कोंबलेली गरम हवा थंड करणारा भाग) जरा वारा लागू द्या.

पेट्रोल किती ऑक्टेनचं (दाबाखाली आपोआप न पेटण्याची क्षमता दाखवणारा आकडा) हवं ते टाकीच्या झाकणामागे किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. त्यापेक्षा कमी नको. जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल मात्र प्रत्येक गाडीला लागतंच असं नाही.

मायलेजसाठी वरचा गिअर धरून ठेवायची सवय मलाही होती. सपाट रस्त्यावर ठीक आहे.

गिअर उतरवूनही टकटक थांबली नाही, किंवा एकदम हातोडा मारल्यासारखा मोठा आवाज आला, तर पाय काढा आणि गाडी दाखवून घ्या. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवणारं रिमॅप, म्हणजे इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल, केलेलं असेल, तर ते मेकॅनिकला आधीच सांगा.