शाईच्या पेनात रंगीत शाया भरून पाहताना

शाईच्या पेनात निळ्या-काळ्याखेरीज इतर रंग भरून पाहण्याची इच्छा असेल, तर सुरुवात ब्रिल, कॅमल किंवा सुलेखा यांच्या लाल, हिरव्या वा जांभळ्या शायांनी करावी. या शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगांच्या आणि स्वस्त असल्यामुळे एखादा रंग न आवडल्यास फार हळहळ वाटत नाही. चित्रकलेसाठी मिळणारी, लाख घातलेली 'इंडियन इंक' मात्र पेनात कधीही भरू नये. ती वाळली की निबखालच्या जिभेच्या बारीक खाचा कायमच्या बुजू शकतात.

नवी शाई आधी टाकाने, म्हणजे शाईत बुडवून लिहायच्या लेखणीने लिहून पाहावी, आणि तेही नेहमीच्या वापरातल्या कागदावर. दौतीत बहुतेक गडद शाया काळ्याच दिसतात, तर ओली रेघ वाळल्यावर फिकी पडते, त्यामुळे पसंती-नापसंती पूर्ण वाळल्यानंतरच ठरवावी. शाई कागदावर फुटते का आणि मागच्या बाजूला उमटते का, हेही तेव्हाच कळते. साध्या वहीच्या कागदावर जाड निबेने लिहिल्यास चांगली शाईसुद्धा फुटते. अशा वेळी दौत बदलण्याआधी बारीक निब वापरून पाहावी.

खरी मेहनत पेन धुण्यात आहे, आणि बहुतेकांचा उत्साह नेमका इथेच मावळतो. आधीची शाई काढून टाकल्यावर कन्व्हर्टरने, म्हणजे पेनात बसवायच्या शाई ओढून घेणाऱ्या नळीने, साधे पाणी पुन्हापुन्हा आत ओढावे व बाहेर सोडावे. ते स्वच्छ येऊ लागले तरी जिभेत शाई शिल्लक असते, म्हणून निबेचे टोक रात्रभर टीपकागदावर टेकवून ठेवावे. सकाळी कागदावर रंग उतरलेला दिसला, तर पुन्हा धुवावे. एबोनाइटच्या (कडक रबराच्या) पेनाला गरम पाणी लावू नये, त्याची झिलई जाऊन रंग उतरतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या शाया पेनात एकत्र होऊ देणेही धोक्याचे आहे, कारण त्यांची आम्लता भिन्न असल्यास गाळ धरू शकतो. मिसळायच्याच असतील, तर काचेच्या बाटलीत थोड्या घेऊन काही दिवस तळाशी काही साचते का ते पाहावे.

गडद शाईनंतर पिवळी किंवा नारिंगी भरायची असेल, तर धुण्यात जराही कुचराई चालत नाही. उलट क्रमात तेवढी अडचण येत नाही. पारदर्शक पेनात लाल व जांभळ्या शायांचे डाग राहू शकतात. ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई पुष्कळ मावते, म्हणून रंग पारखण्यासाठी ते गैरसोयीचे. त्यात थोडीच शाई भरली, तर हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावून निबेतून थेंब गळतो. सुईच्या पिचकारीने कन्व्हर्टरमध्ये अर्धा मिलिलिटर शाई भरली, तरी काही पाने सहज लिहून होतात.

रंगीत शाई रोजनिशी, टिपणे आणि पत्रे यांपुरतीच ठेवावी. धनादेशावर पाण्याने न पुसली जाणारी निळी किंवा काळी शाईच हवी. सहज धुतली जाणारी रॉयल ब्लूसुद्धा तिथे नको. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत तर हिरवी किंवा लाल शाई, तीही क्वचित प्रसंगी, सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनीच वापरावी असा कार्यपद्धतीचा नियम आहे.