वेब पानावरची पट्टी हवी तिथेच कशी बसवावी?

इंदुरात पत्ता विचारला की आधी खूण सांगतात. "राजवाड्यावर या, तिथून सराफ्यात वळा." नुसतं "उजवीकडे वीस पावलं" म्हटलं तर ऐकणारा विचारणारच, "कुठून?" वेब पानावर एखादी वस्तू नेमक्या जागी बसवताना हाच प्रश्न ब्राउझरलाही पडतो. फक्त तो विचारत नाही. स्वतःच एक खूण धरतो आणि मोकळा होतो.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं पान करताना हे मला चांगलंच कळलं. रांगोळी स्पर्धेच्या चौकटीच्या कोपऱ्यात ‘नोंदणी बंद’ अशी लाल पट्टी लावायची होती. ती जाऊन बसली थेट पानाच्या माथ्यावर, मंडळाच्या नावाशेजारी. तासाभरात एका काकांचा फोन, "अरे, मंडळच बंद केलं का?"

ही खूण ठरते सीएसएसमधल्या (पानाचं रूप ठरवणारी भाषा) ‘पोझिशन’वरून. पहिली पायरी म्हणजे काही न करणं. पानावरचा प्रत्येक घटक मुळात स्टॅटिक असतो, म्हणजे क्रमानं आपल्या जागी बसलेला. त्याला टॉप, लेफ्ट (वरून, डावीकडून किती अंतर) दिलं तरी ढिम्म हलत नाही. चौकटी शेजारीशेजारी मांडायच्या असतील तर पोझिशनला हात लावू नका, ते काम फ्लेक्स किंवा ग्रिड या मांडणीच्या पद्धतींचं. एकावर एक काही ठेवायचं किंवा स्क्रोल होताना काही धरून ठेवायचं, तेव्हाच पुढे जा.

आता पट्टी. एचटीएमएलमध्ये (पानाचा मजकूर आणि रचना लिहायची भाषा) ती चौकटीच्या आत लिहा. चौकटीला द्या ‘पोझिशन: रिलेटिव्ह’. चौकट जागची हलत नाही, पण खूण बनते. मग पट्टीला ‘पोझिशन: ॲब्सोल्यूट’, टॉप ८ पिक्सेल, राइट ८ पिक्सेल. (टाइप अर्थातच रोमन लिपीत करायचं.) ॲब्सोल्यूट घटक आई (ज्या डब्यात तो आहे तो डबा), आजी (त्याबाहेरचा डबा), पणजी असा वर शोधत जातो आणि स्टॅटिक नसलेली पहिली भेटली की तिच्या कडांपासून मोजतो. कुणीच नाही भेटलं तर पानाचा माथा. माझं रिलेटिव्ह द्यायचं राहिलं होतं, एवढंच! आणखी एक: ॲब्सोल्यूट पट्टीसाठी मजकूर सरकून जागा देत नाही, म्हणून चौकटीला वरून थोडं पॅडिंग (कडेच्या आतली मोकळी जागा) द्या.

दहा दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेला स्टिकी झकास. प्रत्येक दिवस वेगळ्या डब्यात ठेवा, त्याच्या शीर्षकाला ‘पोझिशन: स्टिकी’ आणि टॉप शून्य द्या. स्क्रोल करताना शीर्षक वर चिकटून राहतं आणि आपला दिवस संपला की पुढच्याला जागा करून देतं. चिकटत नसेल तर दोन गोष्टी तपासा: टॉप लिहिलंय का, आणि वरच्या एखाद्या डब्यावर ‘ओव्हरफ्लो: हिडन’ (डब्याबाहेर जाणारं लपवा) तर नाही ना.

‘फोन करा’ हे बटण कायम दिसायला हवं, तर ‘पोझिशन: फिक्स्ड’. ते स्क्रीनपासून मोजतं, पण वरच्या कुणावर ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणं, फिरवणं) असेल तर त्याच्यापासून. बटणाखाली शेवटची ओळ झाकली जाते, तेव्हा पानाला खालून पॅडिंग हवंच.

राहिला झेड-इंडेक्स, म्हणजे कोण कुणाच्या वर. लोक सरळ ९९९९ लिहून टाकतात आणि तरी पट्टी दुसऱ्या चौकटीखालीच दडते. राजवाडा सात मजली आहे. पहिल्या मजल्यावर कितीही उंच स्टूल ठेवलं तरी माणूस दुसऱ्यावर पोचत नाही. पट्टीच्या आईला झेड-इंडेक्स १ आणि शेजारणीला २ असेल तर पट्टीचे ९९९९ आईच्या मजल्यावरच संपतात. आकडा आईचा वाढवा.