सोसायटीत ई-कचरा गोळा करण्याआधी

तारीख ठरली की लगेच नोटीस लावू नका. आधी माल कुणाच्या हाती जाणार ते पक्कं करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ईपीआर (म्हणजे उत्पादकांची जबाबदारी) पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलरांची नावं असतात, तिथे शोधा. गाडी घेऊन येणारी संस्था नुसती गोळा करणारी असेल, तर ती पुढे कोणाला देते हे लेखी घ्या आणि तेही नाव पडताळा. या कामात कंटाळा करू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी टीव्ही, फ्रिज, मोबाइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या रिसायकलिंगची जबाबदारी टाकली आहे. लक्ष्य ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ पासून ८० टक्क्यांवर जातं. कंपन्या ते नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेऊन पूर्ण करतात. आपला माल वायरी जाळून तांबं काढणाऱ्याकडे गेला, तर कंपनीचा पैसा त्या मालापर्यंत पोचत नाही आणि धूर मात्र जाळणाऱ्याच्या छातीत जातो. माझ्या मते कंपन्यांनी दारात येऊन माल न्यायला हवा. तसं होईपर्यंत हे आपल्यालाच बघावं लागणार.

मग जागा. पार्किंगचा छत असलेला, कोरडा कोपरा हवा आणि रात्री वॉचमनची नजर हवी. फ्रिज आणि एसी अख्खेच ठेवायचे, हे त्याला नीट समजावून सांगा. कॉम्प्रेसरला भंगारात चांगला भाव येतो, म्हणून कोणीतरी नळी कापून तो काढून नेतं आणि आतला गॅस तिथेच हवेत सुटतो. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ती फुटू देऊ नका. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्यांना वेगळं खोकं करा.

बॅटऱ्यांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. त्यांचे नियम वेगळे आहेत, २०२२ चे. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दुकानदार नव्या बॅटरीच्या किमतीत वळती करून घेतो, ती तिकडेच द्या. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँकेतल्या लिथियम बॅटऱ्या सुट्या असतील तर टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या बादलीत, इतर सामानापासून दूर ठेवा. ती बादली गाडीवाल्याला वेगळी दाखवून द्या.

नोटिशीत एक ओळ ठळक हवी: मोबाइलमधून खात्यांचं लॉगआउट, सिम आणि कार्ड बाहेर, मग फॅक्टरी रीसेट. कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरच्या फाइली नुसत्या डिलीट करून भागत नाही, डिस्कवरचा डेटा कायमचा पुसून घ्या किंवा डिस्क काढून ठेवा.

गाडी आली की वजन आपल्यासमोर करून घ्या. पावतीवर वस्तूंची नावं, वजन आणि रिसायकलरचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नका.